सहीची कथा : एका नवोदित लेखिकेची पहिली कथा दिवाळी अंकात येईपर्यंतचे प्रकरण

हे प्रकरण लेखिकेच्या संमतीने लिहिले आहे. तिचे नाव, गाव आणि अंकांची नावे दिलेली नाहीत, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. कथा पाठवणे, थांबणे, होकार, काटछाट, मानधनाची पावती हा क्रम मात्र घडला तसाच आहे. आमच्या कथावाचन गटात ती नेमाने यायची, त्यामुळे बहुतेक गोष्टी घडत असतानाच कळत गेल्या. मी स्वतः एका दिवाळी अंकाकडे येणाऱ्या कथांचे पहिले वाचन करते, म्हणून संपादकाच्या टेबलावर काय होते हेही थोडेफार ठाऊक आहे.

पार्श्वभूमी

लेखिका पस्तिशीची, एका सहकारी पतसंस्थेत काउंटरवर काम करणारी. लिहायला लागून चार वर्षे झाली होती आणि सहा कथा पूर्ण होत्या. त्यांतल्या दोन तिने लिहून होताच फेसबुकवर टाकल्या होत्या. ओळखीच्यांनी भरभरून कौतुक केले, काहींनी पुढे पाठवल्या, आणि त्यांतली एक तर लेखिकेचे नाव गळून व्हॉट्सॅपवर फिरत राहिली. छापील अंकात तिचे एकही अक्षर आलेले नव्हते.

उरलेल्या चारांत सर्वांत पक्की होती ती सहीची कथा. पतसंस्थेतल्या एका कारकून बाईकडे एक म्हातारा ठेवीदार दर महिन्याला पैसे काढायला येतो. हात थरथरू लागल्यामुळे त्याची सही नमुना-सहीशी जुळेनाशी होते, आणि एके दिवशी बाईला त्याची स्लिप परत करावी लागते. कथानक एवढेच. पण नमुना-सहीचे पिवळे पडलेले कार्ड, पेन हातात घेण्याआधी म्हाताऱ्याने बोटे दोनदा उघडून मिटून बघणे, मागच्या रांगेतल्याने घड्याळ पाहणे, हे सगळे काउंटरच्या आत बसलेल्या माणसानेच लिहावे असे होते. गटात वाचली गेली तेव्हा ही छापून आलीच पाहिजे यावर सगळ्यांचे एकमत झाले. कुठे आणि कशी, यावर मात्र झाले नाही.

अडचण

मराठीत कथेला छापील जागा मिळते ती मुख्यतः दिवाळी अंकांत. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा आजही दर वर्षी शेकडो अंक काढते. वर्षभर नेमाने कथा छापणारी मासिके-साप्ताहिके त्या मानाने मोजकी. त्यामुळे कथेचा सगळा कारभार एकाच हंगामात उरकतो. साहित्य मागवायला उन्हाळ्यात सुरुवात होते, मुदती जून ते ऑगस्टच्या दरम्यान संपतात, मग मांडणी आणि मुद्रितशोधन, आणि दिवाळीच्या तोंडावर अंक बाजारात. हंगाम चुकला की वर्ष गेले.

बाहेरून न दिसणारी आणखी एक गोष्ट आहे. नावाजलेल्या लेखकांना संपादकांनी आधीच विचारलेले असते. न मागवता आलेल्या कथांसाठी थोडीच पाने उरतात, आणि तीही जाहिरातींप्रमाणे कमीजास्त होतात. शेवटच्या आठवड्यात पानभर जाहिरात आली तर कुठली तरी कथा बाजूला ठेवावी लागते. बाजूला राहते ती बहुधा लांब आणि अनोळखी नावाची. सहीची कथा 4,600 शब्दांची होती.

आदल्या वर्षी लेखिकेने दुसरी एक कथा ऑगस्टच्या शेवटी पाच अंकांना एकदम पाठवली होती. एकाकडूनही उत्तर आले नाही. कथा जमली नाही म्हणून, की ती उघडलीच गेली नाही म्हणून, हे कळायला काही मार्ग नव्हता. पूर्वी तिकीट लावलेले पाकीट सोबत जोडले की हस्तलिखित 'साभार परत' यायचे. नकारच असायचा, पण कथा आता मोकळी झाली हे तरी कळायचे. ईमेलने गेलेल्या कथेला ती सोय नाही. 'निवड झाल्यासच कळवू' असे बहुतेक अंक सांगतात, पण कधीपर्यंत कळवू हे सांगत नाहीत. नव्या लेखकाचे खरे नुकसान या मुदत नसलेल्या शांततेत होते, असे माझे मत आहे. नकार पचवता येतो. कथा कुणाकडे अडकली आहे की सुटली आहे हेच माहीत नसेल तर माणूस एक तर हातपाय गाळतो, नाही तर घाईने काहीतरी करून बसतो.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय हाताशीच होता: ही कथाही फेसबुकवर टाकणे. पण आधीच्या दोन कथांपैकी एक तिने मध्यंतरी एका संपादकांना दाखवली होती आणि 'समाजमाध्यमावर येऊन गेलेली कथा आम्ही घेत नाही' असे उत्तर मिळाले होते. सगळेच अंक इतके काटेकोर नसतात, पण आवाहनात 'अप्रकाशित' हा शब्द बहुतेकांच्या असतो आणि फेसबुक हे प्रकाशनच धरले जाते. हा पर्याय तिने चटकन सोडला.

दुसरा पर्याय एका प्रातिनिधिक कथासंग्रहाचा. जाहिरात व्हॉट्सॅपवर आली होती: नवोदितांच्या कथा, सहभाग शुल्क, प्रत्येकाला दोन प्रती, प्रमाणपत्र आणि 'आयएसबीएन सह पुस्तक'. गटातल्या दोघींनी आधी असा सहभाग घेतला होता आणि पुस्तक हातात आल्याचा आनंद त्यांना खरोखर झाला होता. पण अशा संग्रहाचे वाचक म्हणजे त्यातले लेखक आणि त्यांचे नातेवाईक. पैसे भरणाऱ्या प्रत्येकाची कथा त्यात येते, त्यामुळे निवड झाली असे म्हणता येत नाही. आयएसबीएन हा पुस्तक ओळखण्याचा क्रमांक आहे; भारतात तो राजा राममोहन राय यांच्या नावाच्या सरकारी संस्थेकडून मिळतो आणि मजकुराच्या दर्जाशी त्याचा काही संबंध नाही. लेखिकेला हे पटले, तरी ती आठवडाभर घुटमळली, कारण तिथे होकार नक्की होता.

तिसरा पर्याय कथास्पर्धेचा. बक्षीस मिळाले तर कथा छापून येते, परीक्षकांचे नाव असते, आणि निकालाची तारीख बहुधा जाहीर असते. पण निकाल लागेपर्यंत कथा दुसरीकडे पाठवता येत नाही, आणि काही स्पर्धांच्या नियमांत आलेले सगळे साहित्य, म्हणजे बक्षीस न मिळालेलेही, आयोजकांना वापरता येईल असे कलम असते. तिने पाहिलेल्या एका नियमावलीत ते होते. तिथेच तो विचार थांबला.

पुस्तकाचाही विषय निघाला. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाकडून नवलेखकाच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान मिळते, त्यासाठी हस्तलिखित पाठवावे असे कुणी सुचवले. सूचना चांगली होती, पण सहा कथांचा संग्रह होत नाही. तो विचार तिने पुढच्यासाठी ठेवला, आणि ते योग्यच होते.

म्हणजे दिवाळी अंकच. आता प्रश्न होता तो कुठल्या अंकाचा. इथे तिने जे केले ते मला या साऱ्या प्रकरणातले सर्वांत शहाणपणाचे वाटते. वाचनालयातून मागच्या दोन वर्षांचे बरेच अंक आणून तिने फक्त कथा वाचल्या आणि प्रत्येक अंकाबद्दल वहीत तीन गोष्टी टिपल्या: कथा साधारण किती पानांची असते, अनुक्रमणिकेत अनोळखी नावे किती, आणि नोकरी, कचेरी, रोजचे काम हा विषय संपादकांना चालतो का. ज्या दोन बड्या अंकांचे स्वप्न ती पाहत होती त्यांतल्या एकात दोन्ही वर्षे एकही नवे नाव नव्हते. तो यादीतून गेला. शेवटी तीन अंक उरले, आणि त्यांत पहिला क्रमांक नाव मोठे असलेल्या, पण नव्यांनाही घेणाऱ्या एका अंकाला मिळाला.

एका वेळी एकालाच की तिघांनाही, यावर गटात बराच वाद झाला. एकाच वेळी पाठवावे असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा साधा होता: उत्तरच येत नसेल तर रांगेत उभे राहून वर्षे घालवायची का? मुद्दा खोटा नाही. पण सगळे दिवाळी अंक एकाच पंधरवड्यात बाहेर पडतात. एकच कथा दोन अंकांत आली तर ती स्टॉलवर शेजारी-शेजारी दिसते, आणि संपादक एकमेकांना ओळखतात. नव्या नावाबद्दल त्यांच्यात पहिली चर्चा ही व्हावी, हे कुणालाच परवडणारे नाही. लेखिकेने मधला मार्ग काढला: एका वेळी एकच अंक, पण पत्रातच तारीख.

पत्र

पहिल्या अंकाला मेअखेर गेलेले पत्र असे होते:

'स. न. वि. वि. सोबत माझी कथा जोडली आहे. शब्दसंख्या सुमारे 4,600. कथा अप्रकाशित आहे, समाजमाध्यमांवरही आलेली नाही. सध्या ती फक्त आपल्याच अंकाकडे पाठवली आहे. 20 जुलैपर्यंत आपल्याकडून काही कळले नाही, तर निवड झाली नाही असे समजून इतरत्र पाठवीन. आपल्या मागच्या अंकात कचेरीतल्या जगावरच्या दोन कथा वाचल्या, म्हणून ही आपल्याकडे पाठवावीशी वाटली. युनिकोड फाइल आणि पीडीएफ दोन्ही जोडल्या आहेत.'

स्वतःची ओळख, पुरस्कार, कुणी काय कौतुक केले यातले काही नाही. पहिले वाचन करणाऱ्याला हे पत्र आवडते, कारण त्याला लागणारी प्रत्येक गोष्ट त्यात आहे. पीडीएफ जोडण्याला कारण होते. अजूनही अनेक ठिकाणी मांडणी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये होते आणि रूपांतरात काही जोडाक्षरे बिघडतात. मूळ पान कसे दिसत होते हे पाहायला पीडीएफ लागते.

20 जुलै उलटला. उत्तर नाही. तिने त्याच पत्त्यावर दोन ओळींचा ईमेल केला की कथा मागे घेत आहे, आणि त्याच दिवशी ती दुसऱ्या अंकाला पाठवली.

संपादकांचा फोन

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्या अंकाच्या संपादकांचा फोन आला. "मॅडम, कथा घेतो आहे. पण सव्वातीन हजार शब्दांच्या वर जागा नाही माझ्याकडे. शेवटचा परिच्छेद काढा. आणि बाई रात्री घरी बसून म्हाताऱ्याची सही गिरवते, तो प्रसंगही काढला की बसेल सगळं."

पहिला होकार, आणि तोही फोनवर. अशा वेळी नवा माणूस तिथल्या तिथे 'हो सर' म्हणून टाकतो. तिने दोन दिवस मागितले. संपादकांनी आनंदाने दिले. दोन दिवस मागितले म्हणून कुठला संपादक कथा नाकारत नाही.

मग तिने कथा पुन्हा हातात घेतली. सुरुवातीचे सहा-सातशे शब्द बाईच्या सकाळचे होते: डबा, बस, सहकारी. गटात ते सगळ्यांना आवडले होते, पण म्हातारा काउंटरवर येईपर्यंत कथा सुरूच होत नव्हती. ते सगळे गेले. म्हाताऱ्याच्या परगावच्या मुलाचे उपकथानक गेले. शेवटचा परिच्छेद असा होता:

'त्या दिवशी तिला उमगलं, की माणसाची ओळख सहीत नसते. नियम माणसांसाठी असतात, माणसं नियमांसाठी नाहीत. तिचे डोळे भरून आले.'

हा काढल्यावर कथा त्याच्या आधीच्या दोन ओळींवर येऊन थांबली:

'"अजून एकदा करून बघू का?" म्हाताऱ्यानं विचारलं. तिनं नवी स्लिप पुढे सरकवली.'

संपादकांचे इथे शंभर टक्के बरोबर होते. कथेने जे दाखवून झाले होते ते परिच्छेद पुन्हा सांगत होता, आणि कमी नेमकेपणाने. लेखिकेला हे वाचताक्षणी पटले.

रात्रीच्या प्रसंगाबाबत मात्र ती अडली. गटातल्या काहींचे म्हणणे होते की पहिल्याच कथेला संपादकांशी हुज्जत नको. तिने हुज्जत घातली नाही, तीन ओळी लिहिल्या: तो प्रसंग काढला तर बाई केवळ नियमावर बोट ठेवणारी कारकून राहते, ती सही स्वतः गिरवून बघते आणि तिलाही जमत नाही, म्हणून शेवटची नवी स्लिप खरी वाटते, प्रसंग तीनशे शब्दांचा आहे आणि तो ठेवूनही कथा 3,250 शब्दांत बसवली आहे. सुधारलेली कथा सोबत जोडली. संध्याकाळी उत्तर आले: 'ठीक. ठेवू या.'

काय सोडायचे आणि काय धरायचे हे तिने कसे ठरवले, असे मी नंतर विचारले. ती म्हणाली, सुरुवात काढताना तिला वाईट वाटले पण कथेला काही झाले नाही. रात्रीचा प्रसंग काढून पाहिला तेव्हा कथा बंद पडली. याहून चांगली कसोटी माझ्याकडे नाही. शब्दमर्यादेचा प्रश्नही तिने आपणच सोडवला, ही गोष्ट निर्णायक ठरली असावी. संपादकांना पानांची अडचण होती, आणि ती दूर झाल्यावर प्रसंगाला त्यांचा विरोध उरला नाही.

एक कथा, दोन अंक

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पहिल्या अंकाच्या मांडणीकाराचा व्हॉट्सॅपवर निरोप आला: 'ताई, कथेचे प्रूफ पाठवतोय. उद्यापर्यंत तपासून द्या.' सोबत पीडीएफ. मूळ 4,600 शब्दांची पूर्ण कथा, जुन्या शेवटासह, वर चित्रकाराचे रेखाटन. होकार कधी कळवलाच गेला नव्हता. मागे घेतल्याचा ईमेल कुणी पाहिला नव्हता, कारण आलेल्या कथा जूनमध्येच छापून काढून वाचायला दिल्या गेल्या होत्या आणि त्यानंतर तो ईमेलचा डबा फारसा कुणी उघडला नव्हता. छोट्या चमूवर चालणाऱ्या अंकांत असे होते. त्यात दुष्टावा नसतो, माणसे कमी असतात.

त्या संध्याकाळी तिच्यापुढे तीन वाटा होत्या. गप्प बसून दोन्हीकडे छापू देणे. दुसऱ्या अंकाकडून कथा काढून घेणे, कारण पहिल्याचे नाव मोठे होते आणि तिथे कथा बिनकाटछाट येत होती. किंवा पहिल्याला नाही म्हणणे. दुसऱ्या वाटेचा आग्रह गटातून बऱ्याच जणांनी धरला. मोठा अंक आहे, पुन्हा अशी संधी येणार नाही, दुसऱ्या संपादकांना सांगता येईल काहीतरी.

तिने पहिल्या अंकाला नाही म्हटले. दुसऱ्या अंकाला तिने लेखी शब्द दिला होता आणि त्या संपादकांनी कथेवर मेहनत घेतली होती. शिवाय आता तिला जुना शेवट छापून यायला नको होता, हेही कारण होतेच. ईमेलवर विसंबून न राहता तिने संपादकांचा क्रमांक मिळवून फोन केला, सगळे सांगितले, जुलैचा ईमेल पुन्हा पाठवला आणि तेवढ्याच लांबीची दुसरी अप्रकाशित कथा लगेच देण्याची तयारी दाखवली.

संपादक नाराज झाले. पाने लागली होती, रेखाटन झाले होते, आणि नव्या कथेला नवे रेखाटन लागणार होते. ईमेल त्यांनी नाकारला नाही, पण "आधी फोन करायला हवा होता" एवढे म्हणून संभाषण संपवले. दुसरी कथा त्यांनी घेतली नाही. दुसऱ्या अंकाच्या संपादकांनाही तिने त्याच रात्री झालेला प्रकार कळवला, म्हणजे त्यांना तो दुसऱ्या कुणाकडून ऐकावा लागू नये. त्यांनी सांगितल्याबद्दल आभार मानले आणि विषय तिथेच संपला.

त्यांच्याकडूनही प्रूफ आले तेव्हा पीडीएफ कामी आली. फॉन्ट बदलताना 'म्हाताऱ्या'तला 'ऱ्या' सगळीकडे मोडून 'म्हातार्या' झाला होता, आणि म्हातारा तर प्रत्येक पानावर होता. तिने प्रत्येक जागेचा पान-ओळ क्रमांक लिहून पाठवला. ते प्रूफ तिने मागून घेतले होते. आपण होऊन सगळेच अंक पाठवत नाहीत.

पावतीवरची ओळ

अंक आला, कथा आली. काही आठवड्यांनी मानधनाची पावती सही करून पाठवण्यासाठी आली. छापील नमुना, नाव आणि रक्कम भरायची जागा, आणि तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ: 'या साहित्याचे सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे राहतील.' संपादकांना विचारले तेव्हा त्यांनाही ती ओळ तिथे आहे हे आठवत नव्हते. नमुना जुना होता, कुणीतरी कधीतरी केलेला.

अशा ओळीवर बहुतेक नवे लेखक न वाचता सही करतात. कॉपीराइट कायदा, 1957 प्रमाणे कथा लिहिली की हक्क लेखकाचाच असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि तो लेखकाच्या हयातीत व त्यानंतर 60 वर्षे टिकतो. मानधन देऊन कथा छापली एवढ्याने तो प्रकाशकाकडे जात नाही. हक्क द्यायचे तर कलम 19 प्रमाणे लेखी, सही केलेला कागद लागतो, आणि त्यात कुठली कृती, कुठले हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशासाठी हे लिहावे लागते. काळ लिहिला नसेल तर तो 5 वर्षांचा धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. पण 'कायमस्वरूपी' असे लिहिलेल्या कागदावर आपण सही केली, तर त्या 5 वर्षांचा आधार आपणच सोडून दिल्यासारखे होते. मानधनाची साधी पावतीसुद्धा असा कागद ठरवण्याचा प्रयत्न कुणी करू शकतो, म्हणून ती वाचायची.

लेखिकेने ती ओळ खोडली, शेजारी लिहिले: 'फक्त या दिवाळी अंकातील प्रथम प्रकाशनापुरती परवानगी. इतर सर्व हक्क लेखिकेकडे.' खोडलेल्या जागी आणि खाली सही केली, कागदाचा फोटो स्वतःकडे ठेवला, आणि संपादकांना सौम्य शब्दांत कळवले. कसलीही कुरबूर न होता मानधन जमा झाले. भांडण होईल या भीतीने लोक बोलत नाहीत. माझ्या पाहण्यात तरी, विचारल्यावर बहुतेक संपादक समजून घेतात.

निष्पत्ती

पुढच्या उन्हाळ्यात कथांचे श्राव्य वाचन करणाऱ्या एका गटाने ती कथा मागितली. हक्क तिच्याकडे असल्याने तिने स्वतः परवानगी दिली, काळ आणि माध्यम लिहून. त्या वर्षी तिच्या दोन नव्या कथा दोन अंकांत आल्या; त्यांतला एक अंक सहीच्या कथेचाच होता, आणि त्या संपादकांनी कथा मे महिन्यात आपण होऊन मागितली. पहिल्या, मोठ्या अंकाला तिने पुन्हा एक कथा पाठवली. उत्तर आले नाही. कारण आदल्या वर्षीचा प्रकार असू शकेल किंवा नसेलही. फेसबुकवरच्या दोन कथा अजून छापील अंकात गेलेल्या नाहीत. कधी संग्रह झाला तर त्यात त्या घेता येतील, आणि अंकांत आलेल्या कथांची पूर्वप्रसिद्धीची यादी देताना तिला कुणाची परवानगी मागत फिरावे लागणार नाही.

वेगळे काय करता आले असते

20 जुलैला ईमेलबरोबर एक फोन. बाकी सगळे तिने नेटके केले होते, पण कथा मागे घेणे ही गोष्ट समोरच्यापर्यंत पोचली आहे याची खात्री हवीच. दोन मिनिटांच्या फोनने सप्टेंबरची ती संध्याकाळ टळली असती, किंवा कदाचित 'अहो, तुमची कथा घेतली आहे' असे तिथेच कळले असते आणि ती दुसऱ्या अंकाकडे गेलीच नसती. लेखकाने संपादकाला फोन करू नये असा एक संकोच आपल्याकडे आहे. दर आठवड्याला 'काय झालं?' विचारणे वेगळे आणि ठरलेल्या तारखेला एकदा विचारणे वेगळे.

दुसरे, 4,600 शब्दांची कथा पाठवणे. वहीतल्या नोंदींतच दिसत होते की त्या तिन्ही अंकांत कथा तीन-साडेतीन हजारांच्या आसपास असतात. सुरुवात आधीच कापली असती तर संपादकांच्या फोनमध्ये रात्रीच्या प्रसंगाचा विषयच निघाला नसता. मात्र इथे मी थोडी साशंक आहे. मर्यादेची जाणीव तिला आधीपासून असती तर कदाचित तो प्रसंगच तिने लिहिला नसता. लिहिताना मोकळे लिहावे आणि पाठवण्याआधी कापावे, हे बहुधा त्यातल्या त्यात बरे.

तिसरे, एका वेळी एकच अंक हा नियम पाळायचा तर हातात एकच कथा असून चालत नाही. तिच्याकडे आणखी तीन कथा त्या काळात घरी पडून होत्या. त्या वेगवेगळ्या अंकांना पाठवल्या असत्या तर एका कथेच्या मौनाचा भार इतका झाला नसता. पुढच्या वर्षी तिने तेच केले.

आणि अंकांच्या बाजूनेही काही करता येते. आमच्या अंकाकडे येणाऱ्या प्रत्येक कथेला आता पोच जाते आणि पोचेतच एक तारीख असते. त्या तारखेपर्यंत होकार गेला नाही तर कथा मोकळी. निवड झालेल्यांना त्याच आठवड्यात एका ओळीने कळवतो, आणि कथा मागे घेतल्याचे ईमेल मांडणी सुरू होण्याआधी एकदा शोधून पाहतो. पोचेचा मजकूर एकदाच तयार करावा लागला. नंतर फक्त नाव आणि कथेचे शीर्षक बदलायचे असते.